सक्तीची तपासणी आणि विश्वासाची वाट

गुप्तरोगांचा विषय निघाला की आपला आवाज आपोआप खाली येतो. मंडळीतील एखादी व्यक्ती अशा रोगाने आजारी आहे असे कळले, तर धर्मगुरूच्या किंवा धर्मशिक्षकाच्या मनात पहिला प्रश्न बहुधा ‘हे कसे घडले?’ असाच येतो. ‘औषधोपचार मिळाला का?’ हा प्रश्न मागाहून येतो. प्रश्नांचा हा क्रम केवळ आपलाच आहे असे नाही. सरकारे, सैन्ये व न्यायालये यांनीही दीर्घकाळ तोच पाळला, आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागली हे इतिहासात नमूद आहे. त्या इतिहासाचा धागा हिंदुस्थानातील छावण्यांतून, गोव्यातील म्हापशातून आणि बेळगाव जिल्ह्यातूनही गेलेला असल्याने तो वाचकांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

ब्रिटिश पार्लमेंटने १८६४ साली सांसर्गिक रोगांचा कायदा संमत केला आणि १८६६ व १८६९ साली त्याची व्याप्ती वाढविली. सैनिक व खलाशी यांच्यातील गुप्तरोगांना आळा घालणे हा त्याचा हेतू होता. लष्करी ठाण्यांच्या व बंदरांच्या परिसरात पोलिसांना एखादी स्त्री वेश्या असल्याचा संशय आला, तर तिला ठराविक मुदतीने वैद्यकीय तपासणीस हजर राहणे भाग पडे. रोग आढळल्यास तिची रवानगी ‘लॉक हॉस्पिटल’ नामक रुग्णालयात होई. १८६९ नंतर तेथे तिला नऊ महिन्यांपर्यंत अडकवून ठेवता येत असे. नकार दिल्यास तुरुंग होताच. सैनिकांची तशी तपासणी मात्र, त्यांच्या स्वाभिमानास धक्का बसतो या कारणास्तव, इंग्लंडमध्ये १८५९ सालीच बंद झाली होती.

हिंदुस्थानात हीच पद्धत १८६४ च्या छावणी कायद्याने आणि १८६८ च्या चौदाव्या कायद्याने आली. गोऱ्या पलटणींच्या बाजारांत स्त्रियांची नोंद ठेवली जाई आणि त्यांची नियमित तपासणी होई. मुंबई शहरात हा कायदा १८७० साली लागू झाला, १८७२ साली थांबला, १८८० साली पुन्हा सुरू झाला आणि १८८८ साली संपला. स्त्रिया नोंदणी चुकवीत, वस्ती सोडून जात, रोग लपवीत. ज्यांना शोधून काढण्यासाठी कायदा केला, त्याच कायद्याच्या भयाने दृष्टीआड होऊ लागल्या.

शास्त्राच्या दृष्टीनेही ही व्यवस्था लंगडीच होती. परम्याचा जंतू नायसर यांनी १८७९ साली ओळखला. उपदंशाचा जंतू शाउडिन व हॉफमन यांना १९०५ साली सापडला. वासरमान यांची रक्तचाचणी १९०६ ची. म्हणजे १८६४ साली डॉक्टरपाशी स्वतःच्या डोळ्यांपलीकडे फारसे साधन नव्हते. वरवर निरोगी दिसणाऱ्या स्त्रीच्या ठायी रोग असू शकत होता, आणि जिला औषध देऊन बरे केले तिला न तपासलेला सैनिक दुसऱ्याच दिवशी पुन्हा रोग देऊ शकत होता. दोघांनी मिळून पसरविलेल्या रोगाचा बंदोबस्त एकाच बाजूने करावयाचा, ही या योजनेतील मूळ चूक होती. योहानाच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायात लोकांनी धरून आणलेली स्त्री एकटीच उभी आहे. तिच्याबरोबरच्या पुरुषास कोणी आणलेले नाही. एकोणिसाव्या शतकातील कायदेकर्त्यांनीही त्या पुरुषास वगळूनच कायदा लिहिला.

या अन्यायाविरुद्ध उभ्या राहिलेल्या व्यक्तींत एका धर्मगुरूची पत्नी अग्रभागी होती. जोसेफीन बटलर (१८२८–१९०६) यांचे पती जॉर्ज बटलर अँग्लिकन धर्मगुरू व शिक्षक होते. १८६४ साली त्यांची लहान मुलगी घरातच उंचावरून पडून मृत्यू पावली. पुढे लिव्हरपूल येथे गेल्यावर बटलरबाईंनी तेथील अनाथ व निराधार स्त्रियांमध्ये काम सुरू केले आणि आजारी स्त्रियांना स्वतःच्या घरी आश्रय दिला. १ जानेवारी १८७० रोजी स्त्रियांचे निषेधपत्र वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले. त्यावर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचीही सही होती. ज्या विषयाचा उच्चारही सभ्य स्त्रीने करू नये असे मानले जाई, त्यावर जाहीर सभांतून बोलल्याबद्दल बटलरबाईंची निंदा झाली आणि त्यांच्या सभांवर दंगेखोर चालून आले. तथापि १८८६ साली इंग्लंडमधील कायदे रद्द झाले आणि जून १८८८ मध्ये पार्लमेंटने हिंदुस्थानातील सक्तीच्या तपासणीविरुद्ध ठराव केला.

ठराव झाला, परंतु छावण्यांतील व्यवहार लगेच बदलला नाही. १८९१–९२ च्या हिवाळ्यात डॉ. कॅथरिन बुशनेल आणि एलिझाबेथ अँड्र्यू या दोन अमेरिकन ख्रिस्ती स्त्रिया उत्तर हिंदुस्थानातील छावण्यांतून फिरल्या. बुशनेल यांनी पूर्वी चीनमध्ये वैद्यकीय मिशनरी म्हणून सेवा केली होती. त्या दोघी थेट त्या वस्त्यांत गेल्या आणि तेथील स्त्रियांना त्यांचे अनुभव विचारून त्यांनी लिहून घेतले. १८९३ साली लंडन येथे सरकारी समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. सक्तीची तपासणी चालूच आहे हे निष्पन्न झाले, आणि ते पूर्वी नाकारणारे माजी सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. १८९५ साली हिंदुस्थानच्या छावणी कायद्यात त्यानुसार दुरुस्ती झाली. बुशनेल यांच्या मनात मात्र एक प्रश्न उरला: स्वतःस ख्रिस्ती म्हणविणाऱ्या पुरुषांना हे सारे कसे सोसवले? त्याचे उत्तर शोधण्यासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि स्त्रियांविषयीच्या शास्त्रवचनांच्या भाषांतरांची चिकित्सा करण्यात पुढील आयुष्य वेचले. शास्त्राचा चुकीचा अर्थ रुग्णशय्येपर्यंत पोहोचतो, हे त्यांनी ओळखले होते.

येथे एका आक्षेपाचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. सक्ती सैल झाल्यावर हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेत रोग वाढला, असे कायद्याचे समर्थक म्हणत. १८९५ साली या रोगांसाठी रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण दर हजारी ५०० च्या वर गेले होते, हे खरेच. परंतु कायदा अमलात असताना १८८० च्या दशकातही ते प्रमाण चढतच होते. आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर ते शंभराच्या आत आले, त्या काळात सैनिकांचे आरोग्यशिक्षण, मद्यपानास आळा, खेळ व करमणुकीच्या सोयी यांवर विशेष भर दिला गेला होता. छावणीतील वस्त्यांवरचे निर्बंध पूर्णपणे नाहीसे झाले नव्हते, म्हणून सारे श्रेय एकाच उपायास देता येणार नाही. तरीही, ज्याला पूर्वी वगळले होते त्या पुरुषाकडे लक्ष वळल्यावर उतार पडला, ही गोष्ट विसरता येत नाही.

इंग्लंडमध्ये या प्रश्नाच्या चौकशीसाठी १९१३ साली रॉयल कमिशन नेमले गेले. त्याचे अध्यक्ष लॉर्ड सिडनहॅम हे नुकतेच मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले होते. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयामुळे त्यांचे नाव आपणांस परिचित आहे. १९१० पासून साल्वरसान हे उपदंशावरील औषध उपलब्ध झाले होते. १९१६ च्या अहवालात कमिशनने जुनी सक्ती पुन्हा आणण्याचा मार्ग नाकारला. उपचार विनामूल्य असावेत, गुप्तता पाळली जावी आणि ते सर्वांना खुले असावेत अशी शिफारस केली. त्याच वर्षी त्यानुसार सरकारी नियम झाले. रुग्णाने भयाने लपण्याऐवजी भरवशाने दवाखान्यात यावे, हे तत्त्व अशा रीतीने मान्य झाले. १९४३ पासून उपदंशावर पेनिसिलिनचा उपयोग सुरू झाल्यावर तर या रोगाचे निम्मे भय सरले.

परंतु नवा रोग आला की जुनी भीती नव्या वेशात परतते. भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ साली चेन्नई येथे डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या तपासणीत उघडकीस आला. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात बाधित व्यक्तीस अलग ठेवण्याची तरतूद करण्यात आली, आणि १४ फेब्रुवारी १९८९ रोजी डॉमिनिक डिसूझा या तरुण रक्तदात्यास पोलिसांनी ताब्यात घेतले. म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्यास ६४ दिवस एकाकी ठेवण्यात आले. त्याची आई ल्युसी डिसूझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडे दाद मागितली. त्यास घरी जाता आले, पण न्यायालयाने अखेरच्या निर्णयात कायद्यातील तरतूद वैध ठरविली. डॉमिनिकने १९९२ साली बाधितांसाठी ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था सुरू केली, आणि त्याच वर्षी तो निवर्तला. लॉक हॉस्पिटलचा शंभर वर्षांपूर्वीचा दरवाजा आपल्याच शेजारी पुन्हा उघडला गेला होता.

त्याच १९९२ साली कोलकात्यातील सोनागाची वस्तीत निराळी वाट चोखाळली गेली. ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थचे डॉ. स्मरजित जाना यांनी पाहणीनंतर वस्तीतील स्त्रियांनाच आरोग्यशिक्षिका म्हणून तयार केले. दवाखाना वस्तीत आला. तपासणी संमतीने होऊ लागली. पुढे त्या स्त्रियांनी स्वतःची संघटना व सहकारी पतसंस्था उभारली. १९९० च्या दशकात मुंबईच्या अशा वस्त्यांत सुमारे निम्म्या स्त्रियांपर्यंत एचआयव्ही पोहोचला असता, सोनागाचीत त्या दशकाअखेरपर्यंत तो दहा टक्क्यांच्या आसपासच राहिला. सांगली येथे ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून याच धर्तीवर काम केले. कर्नाटकात बेळगावसह पाच जिल्ह्यांत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये असे कार्यक्रम झाले. २००४ ते २००६ च्या दरम्यानची पाहणी आणि सुमारे तीन वर्षांनी झालेली पाहणी यांची तुलना करता एचआयव्हीचे प्रमाण १९.६ वरून १६.४ टक्क्यांवर आणि सक्रिय उपदंशाचे ५.९ वरून ३.४ टक्क्यांवर आलेले दिसले. ज्या जिल्ह्यात सौंदत्तीच्या यल्लम्मेला मुली सोडण्याची प्रथा पिढ्यान्‌पिढ्या चालली, तेथील ही घट लहान मानू नये. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने संमतीविना चाचणी, भेदभाव आणि गुप्ततेचा भंग यांस मनाई केली. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे.

या कार्यक्रमांत वापरलेल्या काही साधनांविषयी आपल्या मंडळ्यांत मतभेद आहेत, ते आम्ही जाणतो. विवाहनिष्ठेची आपली शिकवण सैल करावी असेही आमचे म्हणणे नाही. परंतु इतिहासाची साक्ष एका मुद्द्यावर स्पष्ट आहे: भय घातले की रोगी लपतो आणि रोग पसरतो, विश्वास दिला की रोगी पुढे येतो आणि रोग आटोक्यात येतो.

म्हणून आपल्या हातची कर्तव्ये साधी आहेत. जे विश्वासाने सांगितले गेले ते आपल्यापाशीच राहावे. विवाहाच्या तयारीवेळी आरोग्याविषयी वधू आणि वर या दोघांशीही सारख्याच स्पष्टपणे बोलावे. गर्भवती स्त्रियांस उपदंश व एचआयव्हीच्या चाचणीचे महत्त्व सांगावे, कारण वेळीच उपचार झाल्यास बालकास होणारा संसर्ग बहुधा टाळता येतो. जवळच्या सरकारी दवाखान्याची माहिती आपणांस असावी, आणि गरज पडल्यास त्या माणसासोबत तेथवर जावे.

जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनी प्रभूस विचारले होते की, पाप कोणाचे? प्रभूने तो प्रश्न बाजूस सारला आणि त्या मनुष्याच्या डोळ्यांकडे लक्ष दिले. आपल्या दारी येणाऱ्या रुग्णासंबंधी कोणता प्रश्न आधी विचारावा, हे त्या वेळीच ठरून गेले आहे.