एरंड : करवीर परिसरातील लागवड आणि जोपासना

एरंड (शास्त्रीय नाव रिसिनस कम्युनिस, एरंड कुल). उष्णकटिबंधीय आफ्रिकेच्या ईशान्य भागात, विशेषतः इथिओपियाच्या परिसरात, मूळस्थान असलेले हे औषधी झुडूप भारतभूमीत इतक्या प्राचीन काळी येऊन स्थिरावले आहे की चरक-सुश्रुतांच्या संहितांत ते परक्या मुलखातले म्हणून कोठेही ओळखले जात नाही. आणि कोल्हापूर जिल्ह्यापुरते बोलायचे तर गावठाणाचा उकिरडा, पडक्या वाड्याचे जोते, पाणंदीची कड आणि मळ्याचा बांध यांपैकी एकही जागा त्याने मोकळी सोडलेली नाही. ईजिप्तमधील प्राचीन थडग्यांत एरंडाच्या बिया सापडल्या आहेत, आणि इ. स. पू. सुमारे १५५० मधील एबर्स पपायरस या वैद्यकीय लेखात त्याचा औषधी उल्लेख आहे. लिनीअसने १७५३ मध्ये त्याला आजचे शास्त्रीय नाव दिले. या प्रजातीत ही एकच जाती असून, तिच्या रंगाकारांत मात्र अतोनात वैचित्र्य आहे.

झाड सामान्यतः दोन ते पाच मीटर उंच वाढते. अनेक वर्षे न तोडता राहू दिल्यास त्याहून पुष्कळ उंच जाऊन छोट्या वृक्षाचे रूप घेते. खोड पोकळ, पाने लांब देठाची, हाताच्या पंजाप्रमाणे पाच ते अकरा भागांत विभागलेली व दंतुर काठांची असतात. एकाच घोसावर वरच्या बाजूस स्त्रीपुष्पे आणि बुंध्याकडे पुंपुष्पे येतात, पाकळ्या नसतात, आणि परागवहनाचे काम मुख्यतः वारा करतो. बोंड तीन कप्प्यांचे व बहुधा मऊ काट्यांचे असून वाळल्यावर आवाज करून तडकते. बी गुळगुळीत, चकचकीत व ठिपकेदार असते. वैद्यकग्रंथांतील श्वेत आणि रक्त हा भेद आपल्याकडील शेतकरीही पांढरा एरंड आणि तांबडा एरंड असा जाणतो. मोगली एरंड, म्हणजेच चंद्रज्योत, हे कुंपणाचे झाड याच कुलातले पण निराळ्या प्रजातीचे आणि मूळ अमेरिकेचे आहे. त्याच्या बिया खाऊन मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या वरचेवर येतात, म्हणून दोघांची गल्लत होऊ नये.

ओसाड गावी एरंड बळी, या म्हणीने या झाडाची जी अप्रतिष्ठा करून ठेवली आहे तिचा परिणाम शेतीच्या विचारावरही झाला आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. जे उकिरड्यावर न लावता उगवते त्याला मशागत कशाला, हा समज रयतेत सार्वत्रिक आहे. उगवणे आणि पिकणे यांत अंतर असते हे ध्यानात घेतले, तर उकिरड्यावरचा एरंड पानांनी माजतो आणि बोंडांनी दरिद्री राहतो, याचे कारण कळते : त्याला नत्र मुबलक मिळालेले असते, पण बोंडे धरण्याच्या ऐन वेळी वरून पाऊस आणि मुळाशी ओल यांनी त्याला जेर केलेले असते. एरंड अवर्षणाला भीत नाही. त्याचे सोटमूळ खोलवर जाऊन पाणी शोधते. साचलेले पाणी मात्र त्याला मुळीच सोसत नाही, आणि कोल्हापूरच्या मुलखात त्याची जोपासना करणाऱ्याने प्रथम या एका गोष्टीचा बंदोबस्त केला पाहिजे.

या जिल्ह्याची रचनाच अशी आहे की पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यावरील गगनबावड्यात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस कोसळतो, आणि पूर्वेस शिरोळकडे तो पाचशेच्या आसपास उतरतो. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या भागांतील तांबडी, जांभ्याची जमीन निचऱ्याची असली तरी तेथील हवा चार महिने इतकी दमट असते की एरंडाचे पीक म्हणून नाव घेऊ नये. परड्यात औषधापुरती दोन झाडे असावीत, एवढेच. पन्हाळ्याच्या पायथ्यापासून हातकणंगलेपर्यंतचा माळ, हलकी ते मध्यम, मुरमाड, जिरायत जमीन, हा एरंडाचा खरा प्रदेश होय. पंचगंगेकाठची मळीची जमीन कितीही कसदार असो, ती त्याच्यासाठी टाळावी. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांत त्या जमिनींवर पाणी दिवसेंदिवस उभे राहिले, आणि अशा पाण्यात ऊस काही काळ तरी तग धरतो, तसा एरंड धरत नाही.

पेरणीचा काळ हा या पिकातला सर्वांत मोलाचा निर्णय आहे. इतर ठिकाणचा शिरस्ता मृगाच्या पावसावर पेरण्याचा. परंतु जूनमध्ये टोकलेल्या झाडावर पहिला घोस सुमारे दोन महिन्यांनी, म्हणजे ऐन श्रावणसरींत येतो, आणि तेव्हाच्या दमट, ढगाळ हवेत बोंडांवर करड्या बुरशीचा रोग पडतो. या रोगात प्रथम निळसर ठिपके, मग कापसासारखी करडी बुरशी, आणि अखेरीस संपूर्ण घोस मऊ पडून कुजणे असा क्रम असतो. एकदा पाऊस लागून राहिला की औषधफवारणीचा फारसा गुण येत नाही. म्हणून करवीर आणि कागल यांसारख्या मध्यम पावसाच्या तालुक्यांत पेरणी जुलैअखेर वा ऑगस्टच्या आरंभापर्यंत लांबविणे शहाणपणाचे, कारण मग पहिला घोस परतीच्या पावसाच्या तोंडाशी आणि पुढचे घोस कोरड्या थंडीत येतात. शिरोळच्या बाजूस अर्थातच इतके थांबण्याचे कारण नाही. तेथे ओल हाती असताना पेरावे.

बियाण्याचे कवच टणक असल्याने ते रात्रभर पाण्यात भिजवावे व सावलीत सुकवून टोकावे. दोन ओळींत ९० ते १२० आणि दोन झाडांत ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर, बी पाच-सहा सेंटिमीटर खोल, प्रत्येक ठिकाणी दोन बिया, हे सर्वसाधारण प्रमाण होय. उगवण संथ असते. दहा ते पंधरा दिवस काहीच दिसत नाही आणि अननुभवी माणूस अस्वस्थ होतो. रोप वितभर झाले की एका ठिकाणी एकच जोमदार झाड ठेवून दुसरे उपटावे. पहिल्या दीड-दोन महिन्यांत तणांनी त्याला गाठले तर ते पुढे सावरत नाही, म्हणून त्या अवधीत दोन कोळपण्या व एक खुरपणी चुकवू नये. शेणखत पेरणीपूर्वी द्यावे, आणि नत्राचा काही भाग राखून ठेवून तो फुलोऱ्याच्या सुमारास द्यावा. जातींपैकी अरुणा ही किरणोत्साराने घडवून आणलेली, मूळ जातीच्या निम्म्याहूनही कमी मुदतीत येणारी जात जिरायतीस ठीक आहे. संकरित वाणांचा मान गुजरातचा : तेथे १९६८ मध्ये प्रसृत झालेला जीसीएच-३ हा व्यापारी लागवडीसाठीचा जगातील पहिला संकरित एरंड मानला जातो. आज जगातील एरंडीचे बहुतांश उत्पादन भारतात होते व त्यातील सिंहाचा वाटा गुजरातचा आहे, या वस्तुस्थितीमागे ते वाण आणि तेथील कोरडी हवा अशी दोन्ही कारणे आहेत. पैकी वाण आणता येतो.

किडींत उंट अळी ही मुख्य. पाठ वाकवून चालणाऱ्या या अळ्या काही दिवसांत पानांच्या केवळ शिरा शिल्लक ठेवतात. शेतात काठ्यांचे पक्षिथांबे उभारल्यास साळुंक्या पुष्कळ अळ्या वेचतात, आणि या अळीच्या अंगात अंडी घालणारी परोपजीवी माशीही निसर्गतः असते, तेव्हा पहिल्याच अळीला पाहून विषारी औषधाकडे धावू नये. बोंडे पोखरणारी अळी घोसाला जाळी करते व विष्ठेने बोंडे चिकटवते. असे घोस काढून नष्ट करावेत. मर रोग जमिनीतून येतो; त्यास फेरपालट हाच मुख्य उपाय असून एरंडामागून एरंड कदापि घेऊ नये.

पहिल्या घोसातील काही बोंडे पिवळी-तपकिरी होऊ लागली की, साधारणतः पेरणीपासून तीन ते चार महिन्यांनी, घोस कापून खळ्यावर वाळत टाकावा व काठीने बडवून बी मोकळे करावे. पुढील तोडण्या महिन्याच्या अंतराने येतात. सर्व बोंडे वाळेपर्यंत झाडावरच थांबणाऱ्याच्या बिया तडकून रानभर उडतात. बहुवर्षायु झाड ठेवायचे असल्यास अखेरच्या तोडणीनंतर ते गुडघ्याएवढे छाटावे, म्हणजे पावसाच्या सुरुवातीस नवे धुमारे फुटतात. ही छाटणी फाल्गुनात येते, आणि होळीच्या मध्यभागी एरंडाची फांदी रोवण्याच्या आपल्या प्रथेला लागणारी फांदी त्याच वेळी मिळते.

ऊस सोडून कोणी एरंड लावावा असे सुचविण्याचा येथे मुळीच हेतू नाही. शाहू छत्रपतींनी १८९५ मध्ये वसविलेल्या शाहूपुरीच्या व्यापारपेठेत गुळाने जो मान मिळविला, तो एरंडीला मिळण्याचा संभव नाही. एरंडाची जागा बांधावर आणि पिकाच्या कडेला आहे. हळदीच्या रानात तो विरळ सावली धरतो. भुईमूग, सोयाबीन वा तंबाखूभोवती लावल्यास पाने खाणाऱ्या अळीचा पतंग मुख्य पिकापेक्षा एरंडाच्या रुंद पानांवर अंडी घालणे पसंत करतो, आणि अंडीपुंजांसह ती पाने रोजच्या फेरीत खुडून टाकली की बरेच काम विनाखर्च होते. फेरी मारायची नसेल तर मात्र हा सापळाच किडीचे आश्रयस्थान बनतो.

बियांत सुमारे निम्मे तेल असते व त्या तेलात रिसिनोलिक अम्लाचे प्रमाण ८५ ते ९० टक्के असते. लहान आतड्यात तेलापासून सुटे होणारे हे अम्लच रेचनाचे कार्य करते. आयुर्वेदाने एरंडतेल विरेचनास आणि वातविकारांत, विशेषतः आमवातात, श्रेष्ठ मानले, मूळही काढ्यात वापरले, आणि घरोघरी तेल लावून शेकलेले पान दुखऱ्या सांध्यावर बांधण्याचा प्रघात आजही आहे. गर्भवतीने हे रेचक घेऊ नये, व इतरांनीही वैद्याच्या सल्ल्याशिवाय वारंवार घेऊ नये. घरगुती एरंडेल काढण्याची जुनी रीत म्हणजे बी भाजून, कुटून, पाण्यात उकळणे व वर आलेले तेल निथळून घेऊन पुन्हा तापविणे. दिव्याला, मोटेच्या कातड्याला आणि गाड्याच्या आसाला हेच तेल लागे. पहिल्या महायुद्धातील विमानांच्या फिरत्या इंजिनांनाही वंगण म्हणून तेच चालले.

गुऱ्हाळाशी एरंडाचे नाव आपण निष्फळ लांबणीच्या अर्थाने जोडले असले, तरी बियांचा वाटून केलेला गाळ उसाचा रस निवळण्यासाठी काहिलीत घालण्याची रीत आहे, आणि रस उतू जाऊ लागला की गुळव्या तेलाचे चार थेंब टाकून फेस बसवतो. रानभेंडीच्या चिकाचा उपयोग यापेक्षा अधिक रूढ, आणि गुळाच्या रंगास तोच अधिक निर्धोक होय.

निर्धोकपणाचा विचार बियांच्या बाबतीत सदैव जागा ठेवावा लागतो. १८८८ मध्ये डॉर्पाट येथे स्टिलमार्क याने एरंडाच्या बियांतून रिसिन हे प्रथिनविष वेगळे केले. ते इतके तीव्र आहे की रासायनिक शस्त्रांच्या आंतरराष्ट्रीय करारात त्याचा समावेश पहिल्या अनुसूचीत झाला आहे. हे विष तेलात उतरत नाही, उष्णतेने नष्ट होते, परंतु न तापविलेल्या पेंडीत तसेच राहते. चावून खाल्लेल्या थोड्या बियाही मुलाच्या जिवावर बेतू शकतात, म्हणून शाळेच्या आवारात आणि अंगणात फळते झाड ठेवू नये. पेंडीत सुमारे चार टक्के नत्र असून उसाला व हळदीला ती उत्तम खत ठरते, हुमणीलाही काहीसा आळा घालते असा शेतकऱ्यांचा अनुभव आहे. मात्र ती जनावरांच्या दावणीजवळ साठवू नये, आणि सरीत टाकल्याबरोबर मातीआड करावी, कारण तिच्या वासाने राखणीची कुत्री ती उकरून खातात व दगावतात.