साक्षीचे मानसशास्त्र : संशोधनपद्धतींचा इतिहास

प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचे स्मरण, त्याचे निवेदन व ओळख पटविण्याची त्याची क्षमता यांचा प्रायोगिक अभ्यास करणारी न्यायसाहाय्यक मानसशास्त्राची शाखा. प्रामाणिक साक्षीदाराची साक्षही चुकीची असू शकते, हे तिचे मूळ गृहीत होय. ते सिद्ध कोणत्या पद्धतीने करावयाचे, याविषयीचा वाद मात्र शतकाहून अधिक काळ चालू आहे.

जेम्स मॅक्कीन कॅटेल (१८६०–१९४४) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ५६ विद्यार्थ्यांना नित्याच्या गोष्टींविषयी प्रश्न विचारले व प्रत्येक उत्तराबाबत त्यांची खात्री किती आहे, हेही नोंदविण्यास सांगितले. १८९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत, आठवड्यापूर्वीची हवा कशी होती, या साध्या प्रश्नाचीही उत्तरे परस्परांपासून फार भिन्न आली. आल्फ्रेद बीने (१८५७–१९११) याने १९०० मध्ये सूचनक्षमतेवरील आपल्या ग्रंथात दाखविले, की मुलांनी आपण होऊन सांगितलेल्या हकिकतीत चुका कमी असतात. सूचक प्रश्न विचारताच त्या वाढतात.

बर्लिनमध्ये फ्रान्त्स फोन लिस्ट या विधिवेत्त्याच्या चर्चासत्रात १९०१ साली एक बनावट भांडण घडवून आणण्यात आले. त्याचा शेवट पिस्तूल रोखण्यात झाला. उपस्थितांपैकी सर्वांत कमी चुका करणाऱ्याच्या निवेदनातही सु. २६ टक्के तपशील चुकीचे होते. विल्यम स्टर्न याने या विषयास वाहिलेले नियतकालिक १९०३ मध्ये काढले. ह्यूगो म्यून्स्टरबर्ग (१८६३–१९१६) याने १९०८ मध्ये वकिलांनी या संशोधनाकडे पाठ फिरविल्याची तक्रार केली. त्यावर जॉन हेन्री विग्मोर याने पुढच्याच वर्षी एका काल्पनिक खटल्याच्या रूपाने उपरोधिक उत्तर दिले. उपरोध बोचरा होता, परंतु त्यामागील आक्षेप रास्त होता : प्रत्यक्ष खटल्यांत न्यायालयास उपयोगी पडेल असा पुरावा मानसशास्त्रज्ञांनी अद्याप दिलाच नव्हता. त्यानंतर अमेरिकेत हे संशोधन दीर्घकाळ मागे पडले.

१९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस व जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघातांचे चित्रपट दाखविले. नंतर गाड्यांचा वेग विचारताना प्रश्नातील केवळ क्रियापद बदलले. गाड्या ‘जोराने आदळल्या’ असे म्हटले असता ताशी सरासरी सु. ४० मैल, तर ‘एकमेकींना लागल्या’ असे म्हटले असता सु. ३२ मैल वेग सांगण्यात आला. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर फुटलेल्या काचेविषयी विचारले. ‘आदळल्या’ हा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांनी काच पाहिल्याचे सांगितले. वेगाविषयी प्रश्नच न विचारलेल्या ५० जणांत ही संख्या ६ होती. वास्तविक चित्रपटात काच फुटलेली नव्हतीच.

तथापि चित्रपट पाहणारा विद्यार्थी व गुन्हा पाहणारा वाटसरू यांस एका मापाने मोजता येईल काय? जॉन यूल व जूडिथ कटशॉल यांनी कॅनडात घडलेल्या गोळीबाराच्या १३ खऱ्या साक्षीदारांच्या मुलाखती चार-पाच महिन्यांनी घेतल्या (१९८६). त्यांच्या हकिकती बव्हंशी अचूक राहिल्या व सूचक प्रश्नांचा परिणाम फारसा आढळला नाही. येथे साक्षीदार थोडे व नियंत्रण अशक्य. प्रयोगशाळेत नियंत्रण पूर्ण, पण जिवावरची भीती नाही. क्षेत्रीय पाहणी फसते कशी, हे इलिनॉय राज्यातील २००६ च्या अहवालावरून दिसते. तेथे संशयितांना एकत्र दाखविण्याच्या व एकेक करून दाखविण्याच्या रीतींची तुलना होती. परंतु दुसऱ्याच रीतीत परेड घेणारा अधिकारी संशयित कोण याविषयी अनभिज्ञ ठेवला होता. दोन घटक एकाच वेळी बदलल्याने फरक कशामुळे पडला, हे ठरविणे अशक्य झाले. अमेरिकेत १९८९ पासून डीएनए चाचणीने निर्दोष ठरलेल्यांपैकी बहुसंख्यांच्या शिक्षेस चुकीची ओळख कारणीभूत होती, हे ध्यानात घेता ही चूक केवळ तांत्रिक मानता येत नाही.

भारतात ओळख परेड १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम ९ खाली व १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ७ खाली येते. ती स्वतंत्र पुरावा न मानता न्यायालयातील साक्षीस पुष्टी देणारी मानतात. ती तपासी पोलिसांऐवजी सामान्यतः दंडाधिकारी घेतो. मात्र परेडीची मांडणी तोच करीत असल्यामुळे संशयित कोण, हे त्यास ठाऊक असते.