तळटीप : ‘रक्त मुंबईला पाठवलं’

* मल्टिपल स्क्लेरोसिस (एमएस) ठरवणारी रक्ततपासणी नाही. निदान लक्षणे, एमआरआय आणि लागल्यास पाठीतल्या पाण्यावरून होते. कर्जतच्या लॅबवाल्याने बर्फाच्या डब्यात घालून लोकलने धाडलेली सीरमची नळी बहुधा ॲक्वापोरिन-४ विरुद्धच्या प्रतिपिंडांसाठी असावी. ही प्रतिपिंडे २००४ साली उजेडात आली. ती सापडली तर आजार एमएस नव्हे, एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका). आणि हा फरक नावापुरता नाही, कारण इंटरफेरॉनसारख्या एमएसच्या औषधांनी एनएमओ बळावू शकतो. या प्रतिपिंडांसाठी पेशींवर केलेली चाचणी एलायझापेक्षा भरवशाची. खोपोलीच्या काकांनी नुसत्या एएनएच्या (पेशीकेंद्रकाविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या) रिपोर्टवरून ‘ल्युपस’ ठरवला, ती मात्र घाई : एएनए एमएसमध्येही, अगदी धडधाकट माणसातही, पॉझिटिव्ह येऊ शकतो. – संपा.