डिपरच होता, भाऊ

गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीचं जंगल लागतं. दिवाळीनंतर एका रात्री मी त्या रस्त्याने गोंदियाकडे येत होतो. मागच्या सीटवर तिघं, डिकीत तांदळाचे चार कट्टे. समोरून एक बाइकवाला येत होता. तो एकदम डगमगला आणि डांबर सोडून सरळ मुरमात उतरला. नशिबाने पडला नाही. मी गाडी थांबवून काच खाली केली, तेवढ्यात तो ओरडला, "डिपर मार ना गा!"

मी बघितलं, हाय बीमचा निळा दिवा बंद होता. गाडी डिपरवरच होती. "डिपरच होता, भाऊ," असं म्हणालो, पण ते त्याला पटलं नाही. पटावं तरी का? दिपलेल्या डोळ्यांना डॅशबोर्ड दिसत नाही.

चूक त्याची नव्हती आणि बटण तर बरोबर जागी होतं. मग बिघडलं कुठे? कोड चालत नसला की आम्ही आधी जुने बदल चाळतो. इथेही तेच केलं, फक्त शंभर वर्षं मागे जावं लागलं.

सुरुवातीच्या मोटारींवर ॲसिटिलीनचे दिवे असत. कार्बाइडवर पाणी ठिबकलं की गॅस तयार होई आणि तो पेटवायचा. १९१२ साली कॅडिलॅकने इलेक्ट्रिक स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले, आणि पुढच्या काही वर्षांत गॅस मागे पडला. उजेडाचा प्रश्न सुटत आला तसा समोरच्याच्या डोळ्यांचा प्रश्न उभा राहिला. तेव्हापासून हेडलाइटचा निम्मा इतिहास हा उजेड वाढवण्याचा नाहीच, तो कुठे थांबवायचा याचा आहे.

१९१५ च्या सुमारास अमेरिकेत खाली झुकणारे दिवे आले, पण ते झुकवायला गाडी थांबवून खाली उतरावं लागे. दोन वर्षांनी कॅडिलॅकने आतूनच ओढायचा दांडा दिला. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात वेगळीच युक्ती होती. बटण दाबलं की एका दिव्याचा आरसा विजेने खरोखर खाली वळायचा आणि दुसरा दिवा विझायचा. 'डिप' म्हणजे हे असं झुकणं. आपण तो शब्द घेतला आणि अर्थ जवळपास उलटा केला. आज 'डिपर मारणे' म्हणजे बहुतेकदा हाय बीमचा झटका देणे, 'बाजूला हो, मी येतोय' असं सांगणे. ट्रकच्या मागे मात्र 'यूज डिपर ॲट नाईट' अजून जुन्याच अर्थाने लिहिलेलं असतं. (२०१६ साली टाटा मोटर्सने ट्रकचालकांसाठी याच 'डिपर' नावाचा कंडोम आणला होता. तेवढी प्रसिद्धी हेडलाइटच्या सेटिंगला मिळाली असती तर!)

दोन फिलामेंटचा बल्ब १९२० च्या दशकात आला आणि आरसा वळवायची गरज संपली. एक फिलामेंट लांबच्या उजेडासाठी, दुसरं जवळच्या. जवळच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी असते. ती खालचा उजेड अडवते, म्हणून भिंतीवर उजेडाची वरची कड सुरीने कापल्यासारखी दिसते. १९५० च्या दशकात युरोपने या कडेची एक बाजू पंधरा अंशांनी वर उचलली, म्हणजे समोरच्याला त्रास न होता आपल्या बाजूचा माणूस, सायकल किंवा बैल दिसावा. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपली कड डावीकडे चढते. १९७१ मध्ये आलेला एच-४ हॅलोजन बल्बही याच वाटीवर चालतो आणि आपल्याकडच्या असंख्य गाड्यांत तो अजून आहे. त्याच्या जागी बाजारातला एलईडी खोचला आणि त्याचे ठिपके फिलामेंटच्या नेमक्या जागी आले नाहीत, तर ती कडच फिसकटते. मग स्क्रू कितीही फिरवा.

आता कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ म्हणतो की पुढच्या दिव्याचा झोत कायम खाली वळलेला असावा किंवा चालकाला तो खाली वळवता यावा, इतका की समोरच्याचे डोळे दिपू नयेत. हे डोळे कुठे? दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंच. आकडे इतके नेमके आहेत की वाचून मी खूश झालो. मग कागद-पेन्सिल घेतली आणि खुशी ओसरली.

माझ्या गाडीचा दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे. ८ मीटरवर दीड मीटर उंची गाठायला उजेडाची कड ८५ सेंटिमीटर चढावी लागेल, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त. दिवे साधारणपणे एक टक्का खाली लावतात, १० मीटरला १० सेंटिमीटर. समजा माझे दिवे उलट एक टक्का वर झाले. ८ मीटरवर कड ७३ सेंटिमीटरला, म्हणजे शब्दशः वाचलं तर मी नियमात पास. ५० मीटरवर ती ११५ सेंटिमीटरला पोचते, समोरच्या कारवाल्याच्या डोळ्यांशी. ७५ मीटरवर १४० सेंटिमीटर, बाइकवाल्याच्या डोळ्यांशी. त्याच्या पलीकडचा सगळा रस्ता माझ्या उजेडात दिपलेला, आणि नियमाचा बिंदू मात्र अंधारात शाबूत.

हे ८ मीटर आले कुठून? ब्रिटनच्या जुन्या नियमात जवळपास हेच वाक्य होतं, 'कायम खाली वळलेला झोत' या शब्दांसकट. तिथे अंतर होतं २५ फूट, म्हणजे साडेसात मीटरच्या थोडं वर. पण ब्रिटिश वाक्य २५ फुटांपेक्षा जास्त अंतरावरच्या, साडेतीन फुटांपासून वरच्या कुठल्याही डोळ्यांबद्दल बोलत होतं. ते पाळायचं तर कड आडवी किंवा खालीच ठेवावी लागते, कारण वर चढणारी रेघ कुठेतरी साडेतीन फूट गाठणारच. आपल्या वाक्यात ते 'पेक्षा जास्त' नाही. आपले ८ मीटर त्या २५ फुटांचेच वंशज असावेत असं मला वाटतं. फुटांचे मीटर झाले आणि एका रेषेचा एक ठिपका उरला. नवी गाडी मंजूर करताना लावतात ती मानकं याहून कडक असतात हे खरं, पण गाडी जुनी होते, दबते, तिचा बंपर बदलतो.

मधल्या काळात आपण रंगाने काम भागवलं. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत ब्लॅकआउटसाठी हेडलाइटचा वरचा अर्धा भाग काळा करत. युद्ध संपलं, रंग राहिला. माझ्या लहानपणीसुद्धा ट्रकच्या दिव्यांवर काळा पट्टा किंवा मधोमध काळा ठिपका दिसायचा. ट्रक चालवून निवृत्त झालेले माझे मामा म्हणतात, "तेवढ्यानं समोरच्याले वाटे का यानं कायतरी केलं." काच रंगवली तर उजेड कमी होतो, त्याची दिशा बदलत नाही.

दिशा बदलायला भिंत लागते. मामांच्या ओळखीच्या राइस मिलमध्ये धान वाळवायचं सिमेंटचं पटांगण आहे. गावात याहून सपाट जागा नाही. भिंतीपासून १० मीटरवर गाडी सरळ उभी केली, टायरची हवा बघितली, मामा ड्रायव्हरच्या जागी बसले. गाडी आधी भिंतीला चिकटवून दोन्ही दिव्यांच्या केंद्रांच्या खुणा खडूने केल्या होत्या. त्यांच्या १० सेंटिमीटर खाली आडवी रेघ मारली. एक दिवा पुठ्ठ्याने झाकायचा, दुसऱ्याच्या मागचा स्क्रू फिरवायचा, कडेचा सपाट भाग रेघेवर आला की थांबायचं. डावीकडची चढण जिथून सुरू होते तो कोपरा दिव्याच्या केंद्राखाली हवा.

खरं सांगायचं तर माझे दिवे जवळपास बरोबरच होते. एकच थोडा वर होता.

मग मामांनी कट्टे परत डिकीत टाकायला लावले आणि मिलमधल्या तीन पोरांना मागे बसवलं. गाडीचा मागचा भाग मोजून ५ सेंटिमीटर दबला. पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर अडीच मीटर, म्हणजे गाडीचं नाक दोन टक्के वर. भिंतीवर कड २० सेंटिमीटर चढली. एक टक्का खाली असलेला उजेड एक टक्का वर. कागदावर 'समजा' म्हणून धरलेला आकडा समोर भिंतीवर उभा होता. मुरदोलीत हेच झालं होतं.

यासाठीच अनेक गाड्यांत डॅशबोर्डवर ० ते ३ असं चाक असतं. माझ्या गाडीतही आहे. चार वर्षांत मी ते एकदाही फिरवलं नव्हतं. मला वाटायचं, ते डॅशबोर्डच्या उजेडाचं आहे.

"मग कायमच खाली करून टाक," एक पोरगा म्हणाला. पण तेही जमत नाही. ६५ सेंटिमीटरवरचा दिवा एक टक्का खाली असेल तर उजेड ६५ मीटर पोचतो, दोन टक्के केला तर जेमतेम ३२. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, म्हणजे हातात दोन सेकंदही नाहीत. नवेगाव आणि नागझिऱ्याच्या मधला हा पट्टा, इथे चितळ आणि रानडुक्कर रोजचे. ऑगस्ट २०२३ मध्ये मुरदोलीतच कारच्या धडकेने एक वाघ गेला. त्याचा व्हिडिओ तुमच्याही फोनवर आला असेल. बाइकवाल्याला दिपवायचं नाही आणि चितळ तर दिसलं पाहिजे, म्हणजे हाताशी खेळायला जागा एखाद्या टक्क्याचीच.

चाक २ वर ठेवलं तशी कड रेघेजवळ उतरली. पोरं उतरली, कट्टे काढले, चाक परत शून्यावर.

खडू पावसात जाईल म्हणून मामांनी रेघेवर ऑइल पेंट मारला. दिव्यांची उंची प्रत्येक गाडीची वेगळी, म्हणून शेजारी उभी मोजपट्टीही रंगवली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिलचा पिकअप भरून निघायच्या आधी भिंतीसमोर उभा होता आणि मामा ड्रायव्हरला म्हणत होते, "आता पोते भरून दाखव."