वालाच्या दाण्यातला अडसर

दोन वर्षांपूर्वी अलिबागमधल्या एका छोट्या कार्यक्रमात मी 'आपला कडवा वाल म्हणजे रक्तदाबावरचं औषधच' असं ठोकून दिलं होतं. टाळ्या पडल्या. नंतर एका तरुणाने विचारलं, "काका, मग कच्च्या वालाचं पीठ दुधातून घेतलं तर चालेल? वडिलांना द्यायचंय." मी गडबडलो. तेव्हापासून जुने शोधनिबंध चाळतो आहे.

भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर आणि दवावर आमच्याकडे वाल होतो. तो भिजवायचा, मोड आणायचे, सोलायचा आणि मग बिरडं करायचं. एवढी खटपट का, याचं एक उत्तर १९५५ सालच्या 'नेचर'मध्ये मिळालं. लेखक कमला सोहोनी आणि के. एस. आंबे. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या बहिणीला १९३३ मध्ये सर सी. व्ही. रामन यांनी बंगळूरच्या संस्थेत आधी प्रवेश नाकारला होता, हे पुष्कळांना ठाऊक असतं. पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी वालावर काम केलं, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. वाल आणि डबल बी यांतून त्यांनी ट्रिप्सिनला रोखणारी प्रथिनं स्फटिकरूपात वेगळी काढली. ट्रिप्सिन हे आतड्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम. थोडक्यात, कच्चा दाणा स्वतःच्याच पचनात अडसर घालतो. मोड आणून नीट शिजवलं की तो बराच ढिला पडतो.

गंमत अशी, की सोयाबीनमधला असाच एक अडसर पुढे औषधाचा उमेदवार झाला. त्याचं नाव बोमन-बर्क, लांबी अवघी ७१ अमिनो आम्लांची. कर्करोग टाळण्यासाठी त्याच्या मानवी चाचण्यांना १९९२ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांवरच्या चाचणीचा निकाल २०१३ मध्ये आला, तेव्हा तो नकली औषधाहून सरस ठरला नव्हता.

आणि माझा रक्तदाब? मोड येताना बीमधली प्रथिनं तुटून लहान तुकडे होतात, तीच पेप्टाइडं. त्यांतली काही परीक्षानळीत रक्तदाब वाढवणाऱ्या एन्झाइमला आवर घालतात. पण पोटात त्यांचेही तुकडे पडतात. रक्तापर्यंत पोचतात किती, हा खरा प्रश्न. मी परीक्षानळीतून थेट ताटात उडी मारली होती.

त्या तरुणाला मी निरोप धाडला: कच्चं पीठ नको, वडिलांची गोळी बंद करू नकोस, बिरडं मात्र खुशाल खाऊ दे.