ब्रॉडीचा चुकलेला अणुभार आणि ग्राफीनची कहाणी

१/ रोगाच्या आरंभी त्याची खूण सांगणारे रेणू रक्तात अत्यल्प असतात. ते हेरण्यासाठी आज प्रकाश, वीज आणि ग्राफीन यांची सांगड घातली जाते. या विद्येची मुळे मात्र एकोणिसाव्या शतकात आहेत.

२/ सन १८३९. एकोणीस वर्षांचा एडमंड बेकरेल वडिलांच्या प्रयोगशाळेत काम करीत होता. सिल्व्हर क्लोराइडचा लेप दिलेल्या प्लॅटिनमच्या पट्ट्या त्याने आम्लद्रावणात बुडवल्या. एकीवर प्रकाश पडताच तारेतून वीज वाहू लागली.

३/ सन १८५९. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ बेंजामिन ब्रॉडी याला ग्रॅफाइटचा अणुभार हवा होता. पोटॅशियम क्लोरेट व तीव्र नायट्रिक आम्ल वापरून त्याने जो पदार्थ मिळवला, त्यालाच आपण ग्रॅफाइट ऑक्साइड म्हणतो. त्यावरून त्याने अणुभार ३३ ठरवला आणि ‘ग्रॅफॉन’ असे नावही दिले. कार्बनचा अणुभार १२ आहे. निष्कर्ष चुकला, पदार्थ उरला.

४/ १९५८ मध्ये हमर्स आणि ऑफमन यांनी तो पदार्थ बनवण्याची अधिक सुरक्षित रीत दिली. २००४ मध्ये मँचेस्टरच्या गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचा एक-अणू जाडीचा थर, म्हणजे ग्राफीन, वेगळा केला. २०१० चे नोबेल त्यांना मिळाले.

५/ परंतु शुद्ध ग्राफीन एकट्याने येथे अपुरे पडते. ते दृश्य प्रकाश जेमतेम २.३ टक्के शोषते. प्रकाशाने सुटलेले इलेक्ट्रॉन क्षणार्धात माघारी फिरतात. शिवाय त्याच्या गुळगुळीत पृष्ठावर प्रतिपिंडांना घट्ट बांधायला जागा नसते.

६/ म्हणून त्यात फेरफार करावे लागतात. ऑक्साइडमधील ऑक्सिजनयुक्त गट प्रतिपिंडांना धरून ठेवतात. त्यातला काही ऑक्सिजन काढला की वहनशक्ती बऱ्याच अंशी परतते. टायटॅनियम डायऑक्साइड वा कॅडमियम सल्फाइडचे कण प्रकाश टिपतात आणि ग्राफीन त्यांचे इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडपर्यंत नेते.

७/ रोगाचा रेणू प्रतिपिंडाला चिकटला की इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीत अडथळा येतो आणि प्रवाह बहुधा घटतो. उत्तेजना प्रकाशाची, मोजणी विजेची. दोन्ही वेगळ्या असल्याने नको असलेला गोंगाट कमी राहतो आणि सूक्ष्म बदलही दिसतो.

८/ अडचणी संपलेल्या नाहीत. रक्तातील इतर प्रथिनेही पृष्ठावर चिकटतात, तीव्र प्रकाशाने प्रतिपिंडांना इजा होऊ शकते. तरीही मित्रहो, एवढे ध्यानी असू द्या: ब्रॉडीचे गणित फसले, पण त्याने कृती प्रामाणिकपणे लिहून ठेवली. पुढच्यांच्या कामी आली ती कृतीच.