दृढीकरण संस्कार आणि आध्यात्मिक प्रौढता

स्नानसंस्कार, दृढीकरण व ख्रिस्तशरीर या तीन संस्कारांनी ख्रिस्ती दीक्षा पूर्ण होते. त्यांपैकी दृढीकरणाला 'प्रौढतेचा संस्कार' म्हणण्याची प्रथा आपल्याकडे रुळली आहे. शब्द चुकीचा नाही. त्यातून होणारा गैरसमज मात्र मोठा आहे. महागुरुस्वामींनी कपाळावर पवित्र तेलाचे विलेपन केले की शिक्षण संपले, असे मानून धर्मशिक्षणाचा वर्ग कायमचा सोडणारी मुले आम्ही वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. (त्या दिवशी पालकही सुटकेचा निःश्वास टाकतात, हेही नमूद करावयास हवे.)

वस्तुतः हा संस्कार प्रौढतेचे प्रशस्तिपत्रक नव्हे. पौर्वात्य ख्रिस्तसभांच्या परंपरेत तान्ह्या बालकालाही स्नानसंस्काराबरोबरच तो दिला जातो. पाश्चात्त्य परंपरेत तो महागुरुस्वामींच्या हस्ते व्हावा असा आग्रह राहिला आणि धर्मप्रांत विस्तारत गेल्यावर दोन संस्कारांत वर्षांचे अंतर पडले. पुढे १९१० साली पोप पायस दहावे ह्यांनी प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराचे वय सुमारे सात वर्षांवर आणले, तेव्हा अनेक ठिकाणी दृढीकरण त्याच्याही मागे गेले. श्रद्धेची प्रौढता आणि शरीराचे वय यांची गल्लत करू नये, असे कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ स्पष्ट बजावतो. संत थॉमस अक्वायनस ह्यांनी तेराव्या शतकात हेच सांगितले होते.

मग प्रौढता ओळखावी कशी? संत पौलाने करिंथकरांना, तुम्ही अजून दुधावरची बालके आहात, असे सुनावले. त्या मंडळीत आत्मिक दानांची वाण नव्हती, प्रार्थनेचा उत्साहही होता. बालपण होते ते त्यांच्या मत्सरात आणि तट पाडण्यात. नोव्हेना कधी न चुकवणारा, पण बांधावरून सख्ख्या भावाशी अबोला धरणारा भाविक आपल्याही धर्मग्रामात आढळतो.

लिझ्यूच्या संत तेरेजाचे उदाहरण येथे बोलके आहे. चार वर्षांची असताना आई निवर्तली. त्यानंतर ती अतिशय हळवी, क्षुल्लक कारणाने रडणारी मुलगी झाली. १४ जून १८८४ रोजी तिचे दृढीकरण झाले, तरी रडणे थांबले नाही. १८८६ च्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्साहून परतल्यावर, भेटवस्तू ठेवलेल्या बुटांविषयी थकलेल्या वडिलांनी काढलेले त्रासिक उद्गार तिने जिन्यावर ऐकले. तिने अश्रू गिळले, खाली आली आणि वडिलांसमोर आनंदाने भेटी उघडल्या. तेव्हा ती चौदा वर्षांचीही नव्हती. या प्रसंगाला ती पुढे आपले परिवर्तन म्हणत असे. बाहेरून पाहणाऱ्याला त्यात काहीच दिसले नसते! संस्कारात मिळालेली कृपा अडीच वर्षांनी, घरातल्याच एका जिन्यावर फळाला आली. अखेरच्या दीड वर्षात तिची श्रद्धा गडद अंधारातून गेली. तरी ती प्रार्थनेपासून ढळली नाही. १८९७ मध्ये, चोविसाव्या वर्षी तिचे निधन झाले. १९९७ मध्ये ख्रिस्तसभेने तिला धर्मपंडिता घोषित केले.

अशा वाढीला सोबत लागते. म्हणूनच दृढीकरणाच्या वेळी धर्मपिता वा धर्ममाता असावी, ती स्वतः दृढीकरण झालेली व सर्वसाधारणपणे किमान सोळा वर्षांची असावी, आणि शक्यतो स्नानसंस्काराच्या वेळचीच असावी, असे १९८३ ची धर्मसंहिता सांगते. दृढीकरण झालेली व्यक्ती ख्रिस्ताची खरी साक्षीदार म्हणून जगते की नाही, यावर लक्ष ठेवणे हे तिचे कर्तव्य आहे. हे काम छायाचित्र काढून झाल्यानंतर सुरू होते.